चांगला ड्रायव्हर कोणता? एका प्रश्नाचा इतिहास

मंडळी, घरी लाउडस्पीकर बांधायला निघालेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो : चांगला ड्रायव्हर कोणता? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. गंमत अशी, की न्यायदर्शनातल्या चार प्रमाणांपैकी तीन इथे ओळीने भेटतात : प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द.

आधी प्रत्यक्ष. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी नव्या लाउडस्पीकरवर निबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कागदी कोन. आजचा ड्रायव्हरही मुळात तोच. पण त्याला पेटी केवढी हवी? पुढची कित्येक वर्षं याचं उत्तर बरंचसं कानानेच शोधलं गेलं. पेटी करायची, ऐकायचं, पुन्हा करवत हातात घ्यायची. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरली. म्हणजे पेटी हे नुसतं फर्निचर नव्हे, ती यंत्राचाच भाग.

मग अनुमान. १९६१ साली नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात छिद्राच्या पेट्यांवर लेख छापला. तो जगभर पोचला दहा वर्षांनी, १९७१ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला तेव्हा. सिडनीतच रिचर्ड स्मॉल यांनी तो विचार पुढे नेला. आता ड्रायव्हरचे काही आकडे हाती असले, की करवत न उचलता खर्जाचा अंदाज बांधता येऊ लागला.

उदाहरण घेऊ. समजा, एका वूफरचा स्वतःचा अनुनाद ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ४० लिटर. ४० लिटरच्या बंद पेटीत अनुनाद जातो सुमारे ५० हर्ट्झवर, एकूण क्यू ०.७, खर्ज आटोपशीर. तोच वूफर १० लिटरमध्ये बसवला तर ७८ हर्ट्झ आणि १.१, डग्गा फुगलेला ऐकू येईल. ड्रायव्हर तोच, बरं का! तेव्हा ‘चांगला’ हा एकट्या ड्रायव्हरचा गुण नाही, तो ड्रायव्हर आणि पेटी यांच्यातला संबंध आहे.

पण हे आकडे बोलतात फक्त खर्जाबद्दल. वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांत मिसळतात तिथे पुढच्या फळीची रुंदी, दोघांतलं अंतर आणि क्रॉसओव्हर, सगळंच मोजावं लागतं. ते साधन आपल्यापाशी नसेल तर? तिथे शब्दप्रमाण, म्हणजे किट. १९६१ मध्येच स्थापन झालेल्या ब्रिटनच्या केईएफने हौशी मंडळींनाही ड्रायव्हर आणि किट विकले. त्यांचे बी११० आणि टी२७ हे ड्रायव्हर बीबीसीच्या एलएस३/५ए या स्पीकरमध्येही होते.

शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आप्त कोण? ज्याने स्वतः पाहिलं आणि पाहिलं तसंच सांगितलं तो. म्हणून किट निवडताना आपण किंमत आणि लाकूड मागाहून पाहावं. आधी विचारावं, मोजलेले आलेख दिलेत का, क्रॉसओव्हरचा आराखडा उघड आहे का? आणि एकदा किट घेतलं, की त्यातला ट्वीटर बदलून ‘याहून भारी’ लावू नये, फळीची रुंदीही बदलू नये. तसं केलं की सांगणाऱ्याचं वाक्य आपण अर्ध्यावर तोडलेलं असतं. पुढची जबाबदारी, आणि मोजणीही, आपली.