रुचितीव्रता : संदर्भाचा प्रभाव

एखादा पदार्थ किती गोड, खारट, आंबट किंवा कडू लागतो, याबद्दल माणसाने दिलेला कौल म्हणजे रुचितीव्रतेचा निर्णय. तो पदार्थातील साखर, मीठ वा आम्लाच्या प्रमाणावर अवलंबून असतोच. शिवाय आधी काय खाल्ले, सोबत काय आहे, वास कसला येतो आणि प्रश्न कसा विचारला, यांवरही ठरतो. या दुसऱ्या भागाला संदर्भप्रभाव म्हणतात. साताऱ्याचा कंदी पेढा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तासगावची द्राक्षे, सांगलीच्या बाजारातला गूळ आणि बेदाणा ही सारी चवीवर नावारूपाला आलेली उत्पादने असल्याने सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत हा विषय थेट व्यवहाराचा आहे.

सराव व विरोध : एकच चव जिभेवर रेंगाळली की तिची जाणीव बोथट होते. कंदी पेढा खाऊन लगेच चहा घेतला तर तो अगोड लागतो. कपातली साखर तेवढीच असते, जीभ मात्र गोडाला सरावलेली असते. आवळ्यानंतर पाणी गोड लागते, हा अनुभव घरोघरी आहे. आम्लाला सरावलेल्या जिभेला साधे पाणीही गोडसर लागते, हे लिंडा बार्टोशुक यांच्या प्रयोगांतून दिसले.

चवींचे परस्परदमन : एकत्र आलेल्या चवी एकमेकींना दाबतात. द्राक्षबागायतदार रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा एक थेंब टाकून ‘ब्रिक्स’ पाहतो. दोन घडांचा आकडा 18च आला, तरी ज्यात आम्ल जास्त तो घड कमी गोड लागतो. कारण यंत्र रसात विरघळलेले घटक मोजते, गोडीची जाणीव नव्हे. मीठ कडवटपणाला दाबते आणि त्यामुळे दबून राहिलेली गोडी वर येते, हे ब्रेस्लिन व बोशां यांनी 1997 मध्ये दाखवले.

वास व प्रश्नाची मांडणी : फ्रँक आणि बायरम यांच्या 1988 च्या प्रयोगात साखर घातलेल्या फेटलेल्या क्रीमला स्ट्रॉबेरीचा वास दिला, तेव्हा ते अधिक गोड लागले, शेंगदाण्याच्या लोण्याच्या वासाने तसे झाले नाही. नाक चिमटीत धरताच स्ट्रॉबेरीचा परिणाम ओसरला. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी-क्रीम खाणाऱ्याच्या जिभेवर हीच जोडी असते. पुढच्या अभ्यासांत आणखी महत्त्वाची गोष्ट हाती आली : फक्त गोडी विचारली तर आकडा फुगतो, गोडी आणि फळाचा स्वाद यांना वेगवेगळे गुण द्यायला सांगितले तर ती वाढ बरीचशी नाहीशी होते. स्वादाला वेगळी जागा मिळाली नाही, की चाखणारा त्याचे गुण गोडीच्या रकान्यात टाकतो.

मोजपट्टीची सरक : ॲलन पार्डुची यांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार माणूस समोर आलेल्या नमुन्यांच्या किमान-कमाल मर्यादेत आणि त्यांच्या वारंवारतेनुसार गुण वाटतो. त्यामुळे मध्यम खारट आमटी अळणी नमुन्यांच्या रांगेत खारट ठरते, तर खारट नमुन्यांच्या रांगेत सपक. जीभ तीच संवेदना देत असली, तरी आकडा बदलू शकतो. रोजच्या आहारानेही पट्टी सरकते. काही महिने मीठ कमी केलेल्यांना पूर्वीचे जेवण जास्त खारट वाटू लागते.

तिखटपणा : तिखट ही जिभेवरील रुचिकलिकांची चव नाही, मिरचीतील कॅप्सेसिन उष्णता व वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंना चेतवते. त्याचा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये शोधला. ज्युलियस यांना 2021 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ठेच्याचे घास लागोपाठ घेतले तर जळजळ चढत जाते. मधे काही मिनिटे थांबले तर पुढचा घास सौम्य लागू शकतो. नेहमी तिखट खाणाऱ्याला सांगलीचा भडंग बेताचा वाटतो आणि तोच पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणतो. दोघांचेही म्हणणे खरे असते.

पारखीतील काळजी : शास्त्रीय चाचणीत नमुन्यांना सांकेतिक क्रमांक देतात, प्रत्येक परीक्षकासाठी क्रम बदलतात, दोन नमुन्यांमध्ये पाण्याने चूळ भरायला लावतात, तापमान सारखे ठेवतात आणि तुलनेसाठी ठरलेला नमुना आधी चाखवतात. गूळ, बेदाणा वा द्राक्षाची पारख करतानाही हे नियम पाळता येण्याजोगे आहेत. अतिशय गोड मालापाठोपाठ चाखलेला चांगला माल हिणकस ठरला, तर त्याचे नुकसान शेतकरी सोसतो, आणि त्यात त्याच्या मालाचा काही दोष नसतो. म्हणून चवीच्या गुणांसोबत चाखण्याचा क्रम आणि परिस्थिती नोंदवणे हा न्याय्य पारखीचा आवश्यक भाग आहे.