खडकाला नाव मिळाले, खोदणाऱ्याला?



भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या सौसरचे नाव आहे. मँगनीज असलेल्या इथल्या प्राचीन खडकांच्या समूहालाच ‘सौसर’ म्हणतात. एल. एल. फर्मोर या भूवैज्ञानिकाने 1909 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काचीढाणा, गोवारी वढोणा येथील मँगनीजची नोंद केली. खडक असा जगभर पोचला. तो ज्यांनी फोडला, टोपल्यांत भरून वाहिला, त्यांची नोंद आपल्या मराठीत कुठे आहे? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

मराठी साहित्यात कामगार आधी ‘विषय’ म्हणून आला. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ ही कादंबरी गिरणी कामगारांवर लिहिली. स्वतः वरेरकर मात्र टपाल खात्यात नोकरी केलेले. पुढे वाटेगावहून मुंबईला आलेले अण्णाभाऊ साठे लिहू लागले. 1962 साली नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह आला. रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला एका गिरणी कामगाराने आपले नाव दिले होते. पुढे त्याने गिरणीत काम केले, शिपायाची नोकरी केली, मग तो शिक्षक झाला. ज्याच्याबद्दल लिहिले जात होते, तोच आता लिहू लागला होता. 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सुर्वे यांच्याकडे गेले, तेव्हा या बदलावर मान्यतेची मोहोर उमटली.

मुंबईत हे घडले, त्याला कारण होते. भोंगा एक, चाळ एक, युनियन एक. त्यामुळे ‘मी कामगार’ हे म्हणणे सोपे झाले. आपल्याकडचा कष्टकरी ऋतूबरोबर नाव बदलतो. पावसाळ्यात तो शेतमजूर असतो, कापूस आला की जिनिंगमध्ये, संत्र्याचा बहार उतरला की तोडणीवर आणि पेट्या भरायला. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून गिरणीची वाटही खुली झाली. पहिल्या वेचणीला सीतादही करणाऱ्या बाया तर स्वतःला कामगार म्हणतच नाहीत. ज्याला स्वतःचे एक नाव नाही, त्याच्यावर कादंबरी कोण लिहिणार?

पण मराठी परंपरेला ही अडचण नवी नाही. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार: या संतांची नावे धंद्यासकट आपल्या ओठांवर आहेत. देवाशी बोलताना त्यांनी मळा, चाक, हातोडी दाराबाहेर ठेवली नाही. काम हीच त्यांची भाषा होती. जात्यावरच्या ओव्याही दळता दळताच रचल्या गेल्या. कष्टाला साहित्यात जागा देण्यासाठी आपल्याला परक्या दाराशी जावे लागत नाही.

इथे एक गोष्ट आपल्या घरांनी मान्य केली पाहिजे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्यानंतर मराठी आम्ही टिकवली, असे आपण म्हणतो. ग्रंथालये, गणेशोत्सव, व्याख्याने यांचे मोल आहेच. पण बाजारात, बगीच्यात, जिनच्या आवारात सरकी, रुई, गाठी, बोंड हे शब्द रोज वापरून भाषा जिवंत ठेवणारे लोक आपल्या सभासदांच्या यादीत फारसे नव्हते. त्यांच्या मराठीत हिंदी मिसळली होती, कुठे गोंडीही. ती ‘शुद्ध’ नाही म्हणून आपण तिला अंकात घेतले नाही. सीमेवरची मराठी म्हणजे नेमकी तीच, हे आपल्या लक्षात आले नाही.

2023 साली पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला. आता जिल्ह्याचा इतिहास लिहिला जाईल. मालगुजार, पेढ्या, नेते यांची पाने भरतील. कागद त्यांच्याकडेच आहेत. कष्टकऱ्याचा कागद म्हणजे त्याची आठवण. ती म्हाताऱ्या माणसांबरोबर जाते आहे. कोणाच्या आजीने जिनमध्ये रुई वेगळी केली असेल, कोणाचे आजोबा खाणीत उतरले असतील. त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच बोलीत ते उतरवून घ्यावे आणि पुढच्या वर्षी या व्यासपीठावर त्यांच्यापैकीच कोणी उभे राहावे. तेव्हा मी खाली, श्रोत्यांत बसेन.