‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : दौऱ्यावरील एक प्रयोग आणि गर्भपातविषयक कायदा

स्वातंत्र्योत्तर मराठी रंगभूमीच्या इतिहासात विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे स्थान अनन्यसाधारण आहे. १९६३ मध्ये लिहिलेले हे नाटक १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी साकारली होती. समीक्षकांनी या नाटकाचा स्त्रीवादी अंगाने विपुल विचार केला आहे. परंतु त्यातील खटला कोणत्या कायद्याच्या काळात उभा राहिला, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नाटकातील मंडळीच मुळी मुंबईहून दौऱ्यावर आलेली हौशी मंडळी आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावी, काही खुर्च्या आणि एका दारावर भागविलेला फिरता प्रयोग पाहताना रंगमंचावरील सभागृह आणि प्रेक्षकांचे सभागृह एकच भासू लागते. अलीकडे पाहिलेल्या अशा एका प्रयोगात सुखात्मे वकिलांच्या उलटतपासणीस प्रेक्षक मनमुराद हसत होते. आरोप खेळातला राहिला नाही हे स्पष्ट झाल्यानंतरही ते हसू काही काळ टिकून होते. प्रयोगानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, “गर्भपात तर कायदेशीर आहे, मग हा खटला कशाचा?”

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. अभिरूप न्यायालय बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवते, तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ अन्वये. हे कलम खुनाच्या शिक्षेचे होय. गर्भपाताचा गुन्हा कलम ३१२ मध्ये येत असे आणि स्वतःचा गर्भपात घडवून आणणारी स्त्रीदेखील त्यात अपराधी ठरे. कलमांचा हा घोळ हौशी मंडळींच्या अज्ञानास साजेसाच आहे. शेवटी न्यायाधीश काशीकर गर्भ नष्ट करण्याचाच निकाल देतात. म्हणजे ज्या कृत्याचा आरोप, त्याच कृत्याची आज्ञा.

नाटकाचे लेखन आणि पहिला प्रयोग यांच्या दरम्यानच शासनाने १९६४ मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली होती. तिच्या शिफारशींतून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात अधिनियम आला व १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. तथापि, संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्याच्या कारणाचा लाभ त्यात केवळ ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरताच होता. अविवाहित स्त्रीस गर्भपाताची सरसकट बंदी नव्हती, हे खरे. परंतु बेणारेसारख्या शिक्षिकेला अन्य कारणांचा आधार शोधावा लागला असता. २०२१ च्या दुरुस्तीने ते शब्द बदलून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे केले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताबाबत विवाहित-अविवाहित हा भेद अमान्य केला. पहिल्या प्रयोगापासून येथवर पोहोचण्यास ५५ वर्षे लागली.

मात्र, गर्भपात ‘कायदेशीर आहे’ हे विधानही अर्धेच आहे. १९७१ चा अधिनियम हा गुन्ह्याला केलेला अपवाद आहे. मूळ गुन्हा रद्द झालेला नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तेव्हा कलम ३१२ ची तरतूद जवळजवळ जशीच्या तशी कलम ८८ मध्ये आली. गर्भपात करवून घेणारी स्त्री त्यात आजही नमूद आहे.