बीज आणि कूस

अलिबागच्या इस्रायल आळीत माझे लहानपण गेले असे मला म्हणता येणार नाही. पण आमचे घर आळीच्या तोंडाशी होते आणि माझी वर्गमैत्रीण आळीतली, त्यामुळे तिथल्या ओट्यांवर मी पुष्कळ बसले आहे. शनिवारी तिच्या घरी चूल पेटत नसे. एके काळी घाण्यावर तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या बेने इस्रायल लोकांना कोकणाने ‘शनिवार तेली’ हे नाव दिले, ते सर्वांना ठाऊक आहेच. १९६२ साली, ती अकरा वर्षांची असताना, तिचे बिऱ्हाड इस्राएलला गेले. तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार मराठीतून चालू आहे.

काही वर्षांपूर्वी तिचे एक पत्र आले. मुलीला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगा झाला होता, तोही परदेशातल्या दवाखान्यात दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन. पत्राच्या शेवटी लिहिले होते, “आता एक रब्बी म्हणतात, मुलाला रीतसर धर्मात घ्या. माझ्या मुलीने नऊ महिने वाहिलेला मुलगा यहुदी नव्हे, तर मग कोण? तू इतिहासवाली ना? मग सांग.”

मी काही धर्मपंडित नव्हे. पण प्रश्न इतिहासाचा होता खरा.

१९७८ साली इंग्लंडात लुईझ ब्राऊन जन्मली तेव्हा गर्भधारणा शरीराबाहेर होऊ शकते एवढेच सिद्ध झाले. बीज आणि कूस एकाच बाईची होती. १९८३-८४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात एकीचे बीज दुसरीच्या कुशीत वाढून मुले जन्मली, आणि ‘आई’ या शब्दाचे दोन तुकडे झाले. इतरांपुढे हा वारशाचा किंवा मायेचा प्रश्न असेल. यहुद्यांपुढे तो कुळाचाच आहे. इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नेपासून त्यांच्यात परधर्मीयाशी संबंध आला की मूल आईच्या बाजूने मोजतात. आई यहुदी तर मूल यहुदी. आपल्या स्मृतिकारांनीही बीज मोठे की क्षेत्र मोठे हा वाद घातला आहे. पण बीज पुरुषाचे आणि क्षेत्र तेवढे बाईचे, हे त्यांनी गृहीतच धरले होते. बाईलाही बीज असते आणि ते दुसऱ्या क्षेत्रात पेरता येते, ही अडचण मनूपुढे आली नाही. रब्बींपुढे ती आली.

ज्यांच्या ग्रंथांत या गोष्टीचे नावही नाही, त्यांनी मग निर्णय शोधायचा कुठे? रब्बींनी जुनी पाने उलटली. तालमूदात एक जुळ्यांची कथा आहे. धर्मांतर करणारा माणूस नव्याने जन्मल्यासारखा, त्याची आधीची नाती तुटतात, असा नियम. एका परधर्मी बाईने गरोदरपणी धर्मांतर केले आणि तिला जुळे मुलगे झाले. गर्भ राहिला तेव्हा ती परधर्मी, प्रसूत झाली तेव्हा यहुदी. तरी तालमूद त्या दोघांना आईकडून भाऊ मानतो. म्हणजे नाते प्रसूतीने जडले. दुसरा दाखला एस्तेरचा, जिच्या सणाला आमच्या आळीत ‘होळीचा सण’ म्हणत. ती पोटात असताना बाप गेला, ती जन्मताच आई गेली. यावर राशीचे भाष्य असे की, प्रसूत होईपर्यंत ती बाई ‘आई’ म्हणवण्याजोगी नव्हतीच. तिसरा दाखला तर ऐकताच मी दचकले. एका जुन्या अरामी भाषांतरात लेआ आणि राहेल या बहिणींच्या पोटातले गर्भ देवाने अदलाबदल केले असे आहे: योसेफ राहेलच्या पोटी गेला, दीना लेआच्या. आणि बायबल दीनेला लेआची मुलगी म्हणते! देवकीच्या उदरातून रोहिणीच्या उदरात नेलेल्या बलरामाला आपण ‘रौहिणेय’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. पुराणकथा काही कायदा नव्हे हे खरे, आणि तसा आक्षेप रब्बींतही घेतला गेलाच.

आरंभी पारडे कुशीकडे झुकले. जेरुसलेमचे झल्मन नेहेम्या गोल्डबर्ग यांनी प्रसवणारी तीच आई असे मांडले. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीनेही १९९७ साली तेच मान्य केले. पुढे, नव्या शतकात, इस्राएलमधल्या काही वजनदार पंडितांचा कल बीजाकडे वळला. निकाल लागला नाही. आणि निकाल नसला की धर्माधिकारी सावध होतात. शंका नको म्हणून मुलाला धर्मात घ्या, हा सल्ला त्यातून निघाला.

त्यात व्यवहाराची भर पडली. इस्राएलात १९८७ च्या नियमांप्रमाणे जी बाई स्वतः उपचार घेत असेल तिनेच उरलेले बीज द्यावे, असे होते. मागणी फार, बीज थोडे. जोडपी रुमानिया, युक्रेन, सायप्रस धुंडू लागली. तिथे मिळणारे बीज बहुधा परधर्मी बाईचे. २०१० साली कायदा झाला, बाहेरच्या स्त्रियांनाही दान करण्याची मोकळीक मिळाली. जन्मलेले मूल घेणारीचेच, असे कायद्याने स्पष्ट केले. पण तो राज्याचा कायदा. लग्न लावायचे ते रब्बींपुढे.

आता माझ्या मैत्रिणीला एवढे का लागले, ते सांगते. ती गेली त्याच वर्षी मुख्य रब्बी निस्सीम यांनी लग्न नोंदणाऱ्यांना आज्ञा दिली: बेने इस्रायल वधूवरांच्या आईची, तिच्या आईची, मागे जाता येईल तितकी चौकशी करा. कोकणातून गेलेल्या माणसांनी पणजीच्या पणजीचे दाखले कुठून आणायचे? १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमात ही माणसे धरणे धरून बसली. तिची आई त्यांत होती, शेंगदाण्याचे लाडू बांधून नेलेले. ऑगस्टात क्नेसेटने ठराव केला की, बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदी आहेत. आज्ञेतून त्यांचे नाव वगळावे लागले.

यावर आणखी एक उपरोध आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांत मध्यपूर्वेचा आणि हिंदुस्थानचा, असा दोन्ही वारसा आढळला. त्यात यहुदी वाटा पूर्वजांत पुरुषांचा अधिक, बायकांचा कमी. नावगावच्या किनाऱ्यावर बचावलेल्या सात जोडप्यांची कथा सांगणाऱ्यांना ते आवडले नसेल. आणि बीजच मोजायचे म्हटले, तर या नातवाला लावलेला काटा आजीलाही लागतो.

हे सारे मी तिला लिहिले, तालमूदाच्या जुळ्यांसह. शेवटचे मात्र लिहिले नाही. उत्तराला दोन महिने लागले. मुलाला त्यांनी कुंडात बुडवून आणले होते. “वाद नको म्हणून,” असे तिने लिहिले होते, “आणि घरी येऊन मलिदा केला.”