लौकिकाचा निवाडा

महाराष्ट्रात लौकिकाची हानी देहाच्या इजेच्याच भाषेत सांगितली जाते: नाक कापले, तोंडाला काळे फासले. पूर्वी अशा हानीच्या फिर्यादींचा निवाडा गोतसभेत, म्हणजे गावच्या न्यायसभेत, होई व त्याचा महजर, म्हणजे निवाडपत्र, लिहिला जाई. १८६० च्या दंडसंहितेने मात्र अब्रूनुकसानी हा फौजदारी गुन्हा ठरविला. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी, पुढे बनावट ठरलेली पत्रे प्रसिद्ध केल्याबद्दल टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. सद्हेतूने केलेला आरोपही पुराव्यावाचून निरपराध्याचा लौकिक हिरावू शकतो. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी शहानिशा करणे हेच लेखकाचे आद्य कर्तव्य होय.