हरळी, इर्जिक आणि जतचं ऊन

गणपतीला वाहतात ती दुर्वा आणि शेतकऱ्याच्या जिवावर उठते ती हरळी, गवत एकच. जगातल्या उपद्रवी तणांचा आढावा घेणारा एक मोठा ग्रंथ 1977 साली निघाला. त्यात लव्हाळ्याला पहिला क्रमांक आहे आणि हरळीला दुसरा. आपल्याकडे मात्र रान हरळीनं धरलं की ते धन्याच्या आळसाचं लक्षण, असं सर्रास म्हटलं जातं. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या रानांकडे पाहिलं तर हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. हरळी मारायचं काम तिथं ऊनच करत आलं. माणसानं करायचं ते एवढंच, की तिला जमिनीतून उपसून उन्हात टाकायचं. पण हे एवढंसं काम एकट्या घराच्या आवाक्यातलं कधीच नव्हतं.

हरळीचा जीव पात्यात नसतो, कांड्यात असतो. ढेकूळ फोडलं की आत सुतळीएवढं जाड, पांढरट कांडं दिसतं आणि त्याच्या प्रत्येक पेरावर टोकदार कोंब. वर्षभराची शिदोरी त्यात साठवलेली असते. म्हणून वरून खुरपलं किंवा याच तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढ्यांनी चरून खाल्लं, तरी पावसाच्या एका सरीनं ती पुन्हा हिरवी होते. कुळवाची पास तिला वरच्या वर कापते, आणि ओल असेल तर कापलेला प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. हेच कांडं ढेकळासकट उलथून चैत्र-वैशाखात उघडं पडलं, तर वाळून मरतं. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात ऊन फुकट होतं, नांगरट फुकट नव्हती. काळ्या रानात खोल जायचं तर जड लाकडी नांगराला सहा-आठ बैल लागत. तेवढे एका दावणीला कुठून असणार? म्हणून या मुलखात इर्जिक घालत. गावातल्या जोड्या एकाच्या रानात एकत्र येत, दिवसात नांगरट उरकत आणि रानधनी सगळ्यांना जेवू घालत असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 मध्ये तयार झाला. लोखंडानं जमीन नासते ही समजूत सुरुवातीला आडवी आली. पुढं 1910 मध्ये शेजारच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. डफळ्यांचं जत संस्थान तिथून फार दूर नव्हतं. पण लोखंडी नांगर आला तरी तो ओढायला बैल हवेतच, आणि दुष्काळात आधी दावण रिकामी व्हायची.

आता ट्रॅक्टर आहे, मग अडचण कसली, असं कुणी विचारेल. पलटी नांगर खरोखरच खोल जातो. पण त्यामागून ओल्या रानात रोटाव्हेटर फिरला, की कांड्यांचे तुकडे सगळ्या रानभर पेरले जातात. ग्लायफोसेट या तणनाशकाचा आधार घेणारेही आहेत. हिरव्या, वाढत्या पात्यातून ते कांड्यापर्यंत उतरतं हे खरं. मात्र पाण्याविना सुकलेल्या हरळीवर ते नीट लागू पडत नाही, आणि द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या पानावर उडालं तर बागच होरपळते. शिवाय 2022 मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर निर्बंध घातले. तिसरी गोष्ट पाण्याची आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी जतच्या काही भागात पोचलं, बागा उभ्या राहिल्या, आणि ते पाणी हवंच होतं, त्यासाठी लोकांनी उभा जन्म वाट पाहिली. पण बागेत नांगर घालता येत नाही, आणि ठिबकच्या नळीखालची वीतभर ओल ऐन वैशाखातही हरळीला जगवते. तिथं आता मजुरांनी कुदळीनं खणायचं, कांडी वेचून पाटीत भरायची आणि बांधावर न टाकता कोरड्या खडकावर पसरायची.