विहिरीतलं कासव दिवाणखान्यात आलं

अचलपूर-परतवाड्याकडच्या जुन्या वाड्यांत विहीर असली की विहिरीत कासवही असायचं. किडे, शेवाळ खाऊन ते पाणी नितळ ठेवतं, असा समज. पोहरा खाली गेला की काळं डोकं गडप! त्याला कुणी हात लावत नसे, की चारा घालत नसे. महादेवाच्या देवळात दगडाचं, घरी विहिरीत जितं. मी जन्मभर वऱ्हाडात गुराढोरांचा डॉक्टर म्हणून नोकरी केली. कासवाची पाठ बिघडली म्हणून त्या काळी कुणी आलं नाही.

पुढं घरोघर नळ आले, विहिरी बुजल्या. कासवाला मात्र भलतंच मोल चढलं. वीस नखी कासवानं गुप्तधन सापडतं, पैशांचा पाऊस पडतो, या थापांना विदर्भात पुष्कळजण फसले. विहिरीतलं पाण्याचं कासव वेगळं; आता मागणी आली ती जमिनीवरच्या चांदणी कासवाला. त्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच नखं, मागच्यांना चार-चार, झाली अठरा. वीस भरतच नाहीत, म्हणून तर भोंदूचा शोध कधी संपत नाही आणि गिऱ्हाइकाचे पैसे संपतात. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी असल्या अंधश्रद्धा घालवण्यात हयात खर्ची घातली, तरी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावाच लागला.

शिकल्यासवरल्या घरांत तेच खूळ वास्तुशास्त्राच्या नावानं शिरलं. काचेच्या पेटीत चांदणी कासव, खायला दूध-पोळी आणि भिजवलेली डाळ. दोन-तीन वर्षांत पाठ सीताफळासारखी खवल्याखवल्यानं वर आलेली. या जातीला मुळातच थोडे उंचवटे असतात. पण हे सुळके वेगळे.

दोष डाळीतल्या प्रथिनांचा, असं आम्हीही सांगत असू. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या सुलकाटा कासवांची पिल्लं पाच महिने वाढवून पाहिली. प्रथिनांचा परिणाम किरकोळ निघाला, कोरड्या हवेचा मोठा. खवल्याच्या कडेला नवा थर येतो; हवा कोरडी असली की तो सपाट न पसरता खवल्याला वर रेटत जातो, असं मानतात. रानातलं पिल्लू गवताच्या बुडाशी, ओलसर मातीत दडतं. आपल्याकडं अकोल्याचा मे महिना, खाली फरशी आणि वर गरगरणारा पंखा!

तर घाबरायचं कधी? उंचवटे टणक आहेत, कासव खातं, चालतं, तर धोका नाही. मात्र आलेले उंचवटे पुन्हा बसत नाहीत. पाठ बोटानं दबली, मागचे पाय ओढत चाललं, डोळे सुजले किंवा खाणं सुटलं, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा. कवच मऊ पडणं म्हणजे कॅल्शियम आणि उन्हाची वाण, आणि त्यात हाडंही ठिसूळ होतात. काचेतून आलेलं ऊन त्याच्या कामाचं नसतं, कारण लागणारे किरण काच अडवते.

एक गोष्ट कासव आणणाऱ्याला दुकानदार कधी सांगत नाही. चांदणी कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसलं आहे. तुमच्या घरी असेल तर नाल्यात किंवा देवळाच्या तळ्यात सोडू नका. ते जमिनीवरचं जनावर, बुडून मरेल. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्यांच्या हवाली करा.